पोरीचं विमान वाकडं का चाललंय?

आता आडगावातलीही पोरं शिकायला, नोकरीला परदेशात जातात. पोरगी विमानात बसली की मागे घरात कोणाच्या तरी मोबाइलवर विमानाचं इवलंसं पिवळं चित्र सरकत राहतं आणि भोवती सगळं घर बसलेलं असतं. मग प्रश्न सुरू होतात. “अमेरिका त पश्चिमेले हाय ना बापा, मंग हे इमान वरतं रशियाकडं कायले चाललं?” “पहाटे चारले निघाली आन् त्याच दिवशी सकाळी साडेसातले पोचली? साडेतीन घंट्यात?” “जाताना सोळा घंटे लागले, येताना चौदाच कसे?”

हे प्रश्न अजिबात भाबडे नाहीत. विमानाचे मार्ग आखणारी माणसं रोज याच प्रश्नांशी झुंजतात. उत्तरं शाळेच्या भूगोलात आहेत, पण अक्षांश एका धड्यात, वारे दुसऱ्या धड्यात आणि घड्याळ तिसऱ्याच ठिकाणी. एकत्र बसवून कोणी सांगत नाही. त्यासाठी दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही जोडी घेऊ. नागपूरहून अमेरिकेला थेट विमान नाही, दिल्ली, मुंबई किंवा आखातातलं एखादं शहर गाठूनच जावं लागतं. शिवाय सॅन फ्रान्सिस्को आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे, त्यामुळे अंतर आणि वेळ यांचे सगळे गुंते या एकाच प्रवासात सापडतात.

अंतर म्हणजे कोणतं अंतर?

आधी घरचंच बघा. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आणि तोही भिवंडीजवळ आमण्याला संपतो, मुंबई त्यापुढे. सोनेगाव विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंत सरळ मोजलं तर ६८५ किलोमीटरच्या आसपास. शहरं तीच, आकडे तीन. इंटरनेटवर “दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर” असं टाकलं की जे सुमारे १२,४०० किलोमीटर दिसतात, ते या तिसऱ्या जातीचे: पृथ्वीच्या पाठीवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेचे. विमान प्रत्यक्षात किती उडलं, याच्याशी त्या आकड्याचा थेट संबंध नाही.

मैलांचाही घोळ असतो. हेच अंतर अमेरिकेतले लोक सुमारे ७,७०० मैल सांगतील आणि वैमानिक ६,७०० सांगेल. दोघंही बरोबर. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, वैमानिकाचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा.

आता ते वाकडेपण. आपल्या डोक्यात जगाचं चित्र बसलेलं असतं ते शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशाचं. त्यातले बरेचसे नकाशे गेरार्डस मर्केटरने १५६९ साली काढलेल्या पद्धतीवर बेतलेले. जहाजांना दिशा धरून चालायला ती पद्धत फार सोयीची होती, पण तिने ध्रुवाकडचे प्रदेश भयंकर ताणले. ग्रीनलंड त्यावर आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे.

एक संत्रा घ्या. आपल्याकडे आंबिया बहार असो की मृग, संत्र्याला तोटा नाही. देठाची बाजू म्हणजे उत्तर ध्रुव समजा. संत्रा सोलला की फोडींमधल्या रेषा दिसतात, त्या रेखावृत्तांसारख्या: पोटावर दोन रेषांत चांगलं अंतर, देठाकडे जाता जाता सगळ्या एकत्र येतात. पृथ्वीवरही तसंच. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, नागपूरच्या अक्षांशावर तो १०४ उरतो आणि ६० अक्षांशावर बरोबर निम्मा. आता दुसऱ्या, न सोललेल्या संत्र्यावर पेनाने दोन ठिपके द्या. दोन्ही पोटाच्या जरा वर, एकमेकांच्या जवळजवळ समोरासमोर. शिवणकामाचा दोरा एका ठिपक्यावर अंगठ्याने दाबा, दुसऱ्या ठिपक्यापर्यंत न्या आणि ताणा. दोरा पोटावरून आडवा राहतच नाही, सरकत सरकत देठाकडे चढतो. पोरांच्या हाताने हे एकदा करून घ्या. दोरा आपोआप वर सरकतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही आकृतीने उमटत नाही.

तो ताणलेला दोरा म्हणजे बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा. चेंडूसारख्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट तीच. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा ताणला तर तो जवळपास सरळ उत्तरेला निघतो, तिबेट, सायबेरिया ओलांडून ७५ अक्षांशाच्याही वर आर्क्टिकवर पोचतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून चीन, जपान आणि पॅसिफिकवरून आडवं जायचं म्हटलं तर १५,००० च्या घरात जातं. म्हणजे पडद्यावर वाकडी दिसते ती वाट प्रत्यक्षात सरळ आहे आणि सरळ दिसते ती अडीच हजार किलोमीटर लांबची.

एक अंश म्हणजे किती, हे मोजणारा माणूस हिंगणघाटला आहे

बृहद्‌वृत्ताचं गणित सोपं आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून दोन्ही शहरांकडे रेषा काढल्या तर त्यांच्यातला कोन किती ते काढायचं आणि दर अंशाला १११ किलोमीटर धरून गुणायचं. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात तो कोन योगायोगाने १११ अंशांच्या थोडा वर आहे. गुणाकार करून पाहा, बारा हजार तीनशे-चारशे येतात.

पण अंशाला १११ किलोमीटर हे ठरवलं कोणी? या कामात मोठा वाटा असलेला एक माणूस वर्धा जिल्ह्यात पुरलेला आहे. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी मोजणी सुरू केली. आधी पोलादी साखळीने जमिनीवर एक रेषा अगदी काटेकोर मोजायची. मग उंच ठिकाणांवरून थिओडोलाइट नावाच्या यंत्राने कोन घ्यायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत जायचं. यंत्राचं वजन सुमारे अर्धा टन. ते टेकड्यांवर चढवलं ते माणसांनी, आणि त्यातल्या बहुतेकांची नावंही कुठे उरलेली नाहीत. सरकारला नकाशे हवे होते, लॅम्बटनला मात्र पृथ्वीचा आकार हवा होता. अक्षांशाचा अंश सगळीकडे सारख्याच लांबीचा आहे का, हा त्याचा खरा प्रश्न. उत्तर “नाही” असं आहे. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तापाशी ११०.६ किलोमीटर भरतो आणि ध्रुवापाशी १११.७.

वीस वर्षं हे काम केल्यावर हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं, त्याचं नाव शिखराला मिळालं आणि लॅम्बटन विस्मरणात गेला. हिंगणघाटच्या प्रत्येक शाळेने मुलांना त्या कबरीपाशी नेऊन हे सांगावं असं मला मनापासून वाटतं. जगातल्या कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर काढताना जी पृथ्वीची मापं वापरतात, ती अशाच मोजण्यांतून घडत आली.

मग विमान त्या दोऱ्यावरून का जात नाही?

कारण दोऱ्याला डोंगर दिसत नाहीत, देशांच्या सीमाही दिसत नाहीत.

पहिली अडचण हिमालय आणि तिबेटची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडणाऱ्या विमानाला डोंगर आपटण्याची भीती नसते, भीती वेगळी असते. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर डोक्यावरून ऑक्सिजनचे मास्क खाली येतात. तो ऑक्सिजन बहुतेक विमानांत साधारण पाव तास पुरतो. तेवढ्यात वैमानिकाने १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीनेक किलोमीटरपर्यंत खाली यायचं, तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच. खाली येणार कुठे? म्हणून त्या भागावरून लांबचा मार्ग सहसा आखत नाहीत, आखला तर खास तयारीने.

दुसरी अडचण राजकारणाची. प्रत्येक देशाचं आकाश त्याचं स्वतःचं असतं, ते उघडायचं की मिटायचं हे तोच ठरवतो. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश काही महिने मिटलं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी पुन्हा मिटलं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना खाली अरबी समुद्राकडे वळसा घालावा लागला, आणि त्यातल्या अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय देशांच्या आणि अमेरिकेच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. एअर इंडियाला मात्र तिथून जाता येत राहिलं. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी गेली आणि वेळही वेगळा लागला. तिकीट काढताना एका कंपनीचा प्रवास दीड तासाने जास्त दिसला तर विमान मंद असेल असं समजू नका, बहुतेक वेळा वाट वेगळी असते.

ध्रुवावरूनही जाता येतं. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळूरला उतरलं. सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर, वेळ सतरा तासांच्या आसपास. कॅप्टन झोया अग्रवाल प्रमुख, आणि त्यांच्यासोबतच्या तिन्ही वैमानिक महिलाच: पापागारी तन्मई, आकांक्षा सोनावरे, शिवानी मन्हास. आपल्या मुलींना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

वारा

हिवाळ्यात वावरात कापूस वेचताना मान वर करून पाहिलं तर आकाशात पांढऱ्या रेघा दिसतात. विदर्भावरून युरोप-आखात ते आग्नेय आशिया अशी बरीच विमानं पार होत असतात, त्यांच्या मागे इंजिनातली वाफ गोठून बर्फाचे बारीक कण होतात, ती ही रेघ. विमान गेल्यावर रेघेकडे पाच-दहा मिनिटं लक्ष ठेवा. खाली अंगाला ईशान्येचं गार वारं लागत असतं, आणि वर ती रेघ रुंद होत हळूहळू पूर्वेकडे सरकत जाते. म्हणजे तिथला वारा पश्चिमेकडून वाहतोय, आणि खालच्यापेक्षा कितीतरी जोरात.

या वाऱ्याचा सर्वांत वेगवान पट्टा म्हणजे जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याची एक धार हिमालयाच्या दक्षिणेने उत्तर भारतावरून जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू-हरभरा काढणीला आलेला असताना आपल्याकडे गारपीट होते, ती घडवणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या लाटा, याच वरच्या वाऱ्यांच्या बरोबर ओढले येतात. शेतकऱ्याच्या तोंडचा घास नेणारा आणि विमानाचा वेळ वाचवणारा वारा एकच.

जेटचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. विमान हवेत ताशी सुमारे ९०० ने चालतं. पण ती हवाच पुढे धावत असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग ११०० होतो, उलट असेल तर ७००. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपात सियारा वादळ येत असताना ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी सहा-सात तास लागतात. मधे जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी ते ध्वनीपेक्षा वेगाने उडत नव्हतं, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता.

पूर्वेकडे येताना पोरं लवकर पोचतात आणि पश्चिमेकडे जाताना उशीर होतो, त्याचं कारण हे. आता दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं सर्वांत सुंदर उदाहरण. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान नेहमीच्या अटलांटिकच्या वाटेऐवजी पूर्वेला पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, जुन्या वाटेपेक्षा सुमारे १,४०० ने जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. १५,३०० ला साडेचौदाने भागा: ताशी १,०५० च्या वर. वारा पाठीशी होता. मघाशी सपाट नकाशावर पट्टी ठेवून जी वाट लांबची ठरवली, साधारण तीच ही वाट. लांब खरी, पण लवकरची.

जाताना वारा विरुद्ध आणि येताना सोबत, म्हणजे फिटंफाट, असं वाटतं. तसं होत नाही. ९,००० किलोमीटरचा प्रवास वाऱ्याविना दहा तासांचा. ताशी १०० चा वारा विरुद्ध असेल तर सव्वाअकरा तास, सोबत असेल तर नऊ. बेरीज सव्वावीस. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून नुकसान नेहमी फायद्याहून थोडं मोठंच निघतं.

इथे एक गैरसमज काढायलाच हवा, कारण तो शिकल्यासवरल्या लोकांतही आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमानाने नुसतं वर जाऊन थांबावं, अमेरिका खाली येईल! नागपूरची जमीन ताशी सुमारे १,५५० किलोमीटरने फिरते हे खरं आहे, पण तिच्यावरची हवाही तिच्याबरोबरच फिरते आणि धावपट्टीवरून सुटलेलं विमानही तो वेग घेऊनच वर जातं. विमानाला जाणवतो तो फक्त हवेचा जमिनीच्या तुलनेत असलेला वेग, म्हणजे वारा. विदर्भावर पावसाळ्यात फार उंचावरचा वारा पूर्वेकडून वाहतो. पृथ्वीची दिशा तेव्हाही बदललेली नसते.

तिकिटावरची वेळ

तिकिटावर निघायची वेळ त्या गावच्या घड्याळाने आणि पोचायची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळाने लिहितात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. गोंदिया आणि बुलढाणा यांच्यातच सुमारे चार अंशांचा फरक आहे, त्यामुळे सूर्य गोंदियाला बुलढाण्याच्या जवळपास सोळा मिनिटं आधी डोक्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, ८२.५ अंश रेखांशाचं. देशात हे चालून जातं, समुद्रापार चालत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं. ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात.

समजा उन्हाळ्यात पोरगी दिल्लीहून सोमवारी पहाटे ४ ला निघाली आणि सोळा तास उडाली. आपल्या घड्याळात सोमवार रात्रीचे ८ वाजले, तिच्यासमोर सोमवार सकाळचे साडेसात. तिकिटावर दिसले साडेतीन तास. परत येताना ती सोमवारी सकाळी १० ला निघाली आणि तेव्हाही सोळाच तास उडाली तर दिल्लीला मंगळवारी दुपारी अडीचला उतरते. तिकिटावर दिसले साडेअठ्ठावीस तास. आता दोन्ही आकडे मिळवा: ३२. अर्धे करा: १६. जातानाचा घड्याळफरक येताना कटून जातो, म्हणून कुठल्याही दोन शहरांसाठी, घड्याळफरक माहीत नसतानाही, थेट विमानाचा सरासरी वेळ या युक्तीने निघतो. फक्त दोन्ही तिकिटांच्या मधे तिकडचं घड्याळ बदललेलं नसावं.

तिकिटावरच्या वेळेत जमिनीवरचा वेळही धरलेला असतो. नागपूर–मुंबईचे ६८५ किलोमीटर विमान पूर्ण वेगात पन्नासेक मिनिटांत कापेल, पण तिकिटावर दीड तास असतो. दारापासून धावपट्टीपर्यंत सरकायचं, चढायचं, दोनशेक किलोमीटर आधीपासून उतरायला लागायचं, मुंबईच्या गर्दीत घिरट्या घालायच्या. लांबच्या प्रवासात हा वेळ तेवढाच असतो, म्हणून तिथे तो डोळ्यांत भरत नाही.

विमान मोबाइलवरून गायब झालं तर

याच क्षणी घरात सर्वांत जास्त घाबरगुंडी उडते, म्हणून नीट सांगतो. फ्लाइटरडार२४ सारखी अ‍ॅप विमानाने स्वतः पाठवलेला संदेश मुख्यतः जमिनीवरच्या यंत्रांनी पकडतात. एका यंत्राचा आवाका चारेकशे किलोमीटर. भर समुद्रात आणि ध्रुवाकडे यंत्रंच नसतात, म्हणून तिथे चित्र थांबतं, पुसट होतं किंवा अंदाजाने पुढे सरकतं. विमानाचा संपर्क तुटलेला नसतो. लांब पल्ल्याचा रेडिओ आणि उपग्रह यांच्यामार्फत वैमानिक ठरलेल्या टप्प्यांवर आपली जागा कळवत असतो. किनारा जवळ आला की चित्र परत दिसू लागतं.

तिकिटावरची वेळ काही महिने आधी ठरलेली असते. उड्डाणानंतर विमान कंपनीच्या साइटवर दिसणारी पोचायची वेळ त्या दिवशीचा वारा आणि वाट धरून काढलेली असते. दोन्हींत तासाभराचा फरक पडला तर दुसरीवर भिस्त ठेवा. विमान उतरल्यावरही पासपोर्टच्या रांगेत आणि सामान मिळेपर्यंत एक-दोन तास सहज जातात, आणि पोरीच्या फोनमधलं भारतातलं सिम तिथे चालत नसेल तर विमानतळाचं वायफाय मिळेपर्यंत तिचा फोन येणार नाही. निघण्याआधीच तिच्याशी एवढं बोलून ठेवा: उतरल्यावर पहिला मेसेज कोणाला करायचा, कुठल्या अ‍ॅपवरून करायचा आणि तेव्हा आपल्याकडे किती वाजलेले असतील.